खाणीत पुरलेले विहिरीत उगवते



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या खेपेचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो उसाच्या बाहेरचा नाही. ऊस पाण्यावर पिकतो आणि हा प्रश्न पाण्याचाच आहे. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

कार्यक्षेत्राच्या पूर्व भागातल्या एका गावातून एका सभासदांचा निरोप आला, की लागणीचा ऊस पिवळा पडतोय. आम्ही प्लॉट पाहिला. पाने पांढुरकी-पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. केवडा म्हणून निदान केले, हिराकशीची फवारणी सांगितली आणि पुढच्या गावाला निघालो. महिन्याने परत गेलो तर पानांचे शेंडे करपलेले, फुटवे मेलेले. सभासदांनी एवढेच विचारले, "साहेब, पाणी तपासायचं राहिलं का?" राहिलेच होते. पाने पाहिली, माती हातात घेऊन पाहिली, पण विहिरीत डोकावलो नव्हतो. नमुना तपासून आणला तेव्हा पाण्यातले क्षार उसाला न सोसणारे निघाले. त्याच विहिरीवर गोठ्यातली जनावरे आणि घरची माणसे पाणी पीत होती.

विहिरीच्या वरच्या अंगाला, तीन शेते सोडून, एक जुनी दगडखाण आहे. खडी काढून झाली, क्रशर उठून गेला, खड्डा राहिला. दोन वर्षे त्या खड्ड्यात रात्रीचे टिपर रिकामे होत होते. वर राडारोडा दिसायचा. खाली काय, ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. खाणीचे मालकही आपलेच सभासद, आणि ज्यांचा ऊस करपला त्यांचे सख्खे चुलतभाऊ. टिपरमागे चार पैसे मिळत होते, खड्डा बुजून जमीन सपाट होणार होती. यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. आज दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे.

खाणीतलाच माल विहिरीत उतरला, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण टिपर यायच्या आधी त्या विहिरीचे पाणी कसे होते, याची नोंद कोणाकडेच नाही. विहीरमालकाकडे नाही, ग्रामपंचायतीकडे नाही आणि आमच्या शेतकी खात्याकडेही नाही. बैल गेला नि झोपा केला, अशी ही गत. तशी ती दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हा लेख.

हा माल येतो कुठून?

आपला मुळशी तालुका आता नुसता भाताचा आणि उसाचा राहिलेला नाही. पिरंगुट-उरवड्याच्या बाजूला कारखाने, हिंजवडी-माणला मोठ्या कंपन्या, पलीकडे पिंपरी-चिंचवड आणि चाकण. आपलीच मुले तिथे कामाला जातात, त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली. तेव्हा कारखाने नकोत, असे म्हणणारे आम्ही नव्हे.

पण जिथे कारखाना तिथे त्याचा उकिरडाही असतो. मुलामा देण्याच्या कामातला क्रोमियम-निकेलचा गाळ, रंगकामाचा गाळ, सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा गाळ, जळके तेल, रसायनांची रिकामी पिंपे, या सगळ्याला कायद्याने धोकादायक कचरा म्हटले आहे. त्यासाठी 1989 साली देशात पहिले नियम झाले. पुढे 2008 साली आणि 2016 साली ते नव्याने केले गेले. 2016 च्या नियमांप्रमाणे असा माल मंडळाने अधिकृत केलेल्या ठिकाणीच जायला हवा आणि गाडीबरोबर फॉर्म 10 हा मालाचा कागद असायला हवा. माल कोणाचा, कसला, किती आणि कुठे चालला, हे त्यावर लिहिलेले असते. आपल्या उसाच्या गाडीबरोबर जशी स्लिप, तसाच हा कागद. स्लिपेवाचून गाडी वजनकाट्यावर चढत नाही. इथेही तसेच असायला हवे.

असा माल घेऊन, त्यावर प्रक्रिया करून तो पुरण्याची ठिकाणे महाराष्ट्रात मोजकीच आहेत: तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे, नागपूरजवळ बुटीबोरी आणि आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील रांजणगाव. तिथे माल द्यायचा तर टनावर पैसे मोजावे लागतात, वाहतूक वेगळी. बहुतेक कारखानदार ते मोजतात. पण ज्याला ते वाचवायचे आहेत, त्याला रात्रीचा टिपर आणि एखाद्या गरजू शेतकऱ्याची खाण स्वस्त पडते. त्याचे जे पैसे वाचतात, त्यातलेच चार आपल्या हातावर ठेवले जातात. बाकीचा खर्च विहीर भरते.

पुढच्यास ठेच

पौड रस्त्याने पुण्याला जाणाऱ्या जुन्या मंडळींना कोथरूडचा कचरा डेपो आठवत असेल. नाकाला रुमाल लावून एसटी पुढे जायची. शहर वाढले, वस्ती डेपोला येऊन भिडली आणि डेपो हलवावा लागला. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. पुण्याचा कचरा हवेली तालुक्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जात राहिला. सुरुवातीची कित्येक वर्षे तो उघड्यावरच पडला, खाली अस्तर नाही की झिरपा गोळा करायची सोय नाही. हळूहळू दोन्ही गावांच्या विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. पाण्यावर सुखी असलेल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागली. 2017 च्या एप्रिल-मे महिन्यांत गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा सगळ्या पुण्यात कचरा साचला आणि शहराला या गावांची नावे कळली. गाड्या अडवता आल्या. जमिनीत उतरलेले पाणी कोणाला अडवता आले नाही.

आणि तो तर शहराचा घरगुती कचरा. धोकादायक माल म्हणजे काय, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने पाहिले. तिथे 1988-89 च्या सुमारास एच-अॅसिड नावाचे रसायन बनवणारा कारखाना चालला. तो फार काळ चालला नाही, पण तेवढ्यात सुमारे 2,400 टन विषारी गाळ निघाला आणि उघड्यावर पडला. पावसाने तो जमिनीत नेला. विहिरींचे पाणी रंगीत झाले, पिण्याचे सोडा, पिकालाही चालेना. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला, की ज्याने दूषित केले त्यानेच भरपाई करायची. निकाल मोलाचा आहे, आजही त्याचा दाखला देतात. पण सभासद बंधूंनो, निकालपत्राने विहीर गोड होत नाही. कारखाना मोजके दिवस चालला आणि गावाला भोगावे लागले वर्षानुवर्षे.

यावर कोणी म्हणेल, की मग कायदेशीर ठिकाणी गेला म्हणजे प्रश्न मिटला. तसेही समजू नये. रांजणगावच्या प्रकल्पाशेजारील निमगाव भोगीच्या ग्रामस्थांनी आपल्या पाण्याबद्दल तक्रारी केलेल्या आहेत. आम्ही इथे कोणाचा न्याय करायला बसलेलो नाही. सांगायचे एवढेच, की कागदावर मंजूर जागा आणि विहिरीला निर्धोक जागा या दोन गोष्टी एक धरून चालू नये. धोका किती, ते मोजावे लागते आणि ते मोजता येते.

माल, वाट आणि घोट

भूजलाचा धोका मोजणारे तज्ज्ञ मोठमोठी गणिते करतात. पण त्यांच्या गणिताचा सांगाडा तीन प्रश्नांचा आहे. माल काय आहे? तो पाण्यापर्यंत कोणत्या वाटेने जाईल? आणि ते पाणी कोणाच्या घशात उतरेल? यातला एक जरी दुवा पक्का तोडला, तर धोका टळतो. तिन्ही जुळले, की विहीर गेली.

माल: कचऱ्यातून पाऊस झिरपला, की काळपट पाणी निघते, त्याला लिचेट म्हणतात. त्यात क्षार असतात आणि कारखान्याचा गाळ असेल तर शिसे, क्रोमियम, कॅडमियम असे जड धातूही असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलीग्रॅम आणि क्रोमियमची 0.05 मिलीग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत शिसे 10 मिलीग्रॅम, चिमटीतही न येणारे, एवढेच चालते. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि पाणी उकळून जात नाही. उकळल्याने पाणी आटते, धातू तिथेच राहतो.

वाट: इथे आपल्या जमिनीचा खडक समजून घेतला पाहिजे. विहीर खोदणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच कुठे लाल गेरूसारखा पट्टा. काळ्या पाषाणात पाणी साठत नाही, ते भेगांतून पळते. मुरमात आणि मांजऱ्यात थोडे साठते आणि बरेच वाहते. म्हणजे आपला खडक हा पाण्याचा हौद नव्हे, पाट आहे.

हिशेबच करून पाहू. मुरमासारख्या थराची पाणी वाहून नेण्याची ताकद दिवसाला 1 मीटर धरू. भूजलाच्या पातळीचा उतार 100 फुटांना 1 फूट धरू. थरातली मोकळी जागा शंभरात 2 भाग धरू. मग पाणी पुढे सरकते ते दिवसाला अर्धा मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे 180 मीटर. 500 मीटरवरची विहीर तीन वर्षांच्या आतच गाठली. हा उदाहरणाचा हिशेब आहे; भेग सरळ विहिरीत उघडत असेल तर ते याहून लवकर येईल, काळा पाषाण सलग आडवा असेल तर कदाचित येणारही नाही. पण "खाण लांब आहे हो, इथवर काय येतंय" या म्हणण्यात किती अर्थ आहे, ते यावरून कळावे.

याच्या उलट, चांगली दाबलेली चिकणमाती घ्या. नियमाला हवी तशी असेल तर वर पाणी फारसे तुंबू दिले नाही तेव्हा तिच्यातून ते वर्षाला 3 सेंटीमीटरच्या आसपास उतरते. म्हणून तर 2016 च्या घनकचरा नियमांत साध्या शहरी कचऱ्याच्या भरावालाही खाली 90 सेंटीमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलीमीटर जाड प्लॅस्टिकचे अस्तर सांगितले होते. धोकादायक मालाला तर असे दुहेरी अस्तर, मध्ये गळती कळण्याचा थर, झिरपा उपसण्याची सोय आणि भराव बंद झाल्यावरही वर्षानुवर्षे देखरेख, एवढा जामानिमा लागतो.

आता आपल्या सोडलेल्या खाणीकडे पाहा. वरची माती, म्हणजे फुकटची गाळणी, खरवडून टाकलेली. मुरूम काढून विकलेला. सुरुंगांनी तळाच्या पाषाणाला नव्या भेगा पडलेल्या. जी जागा पाण्याच्या सर्वांत जवळ आणि राखणीला सर्वांत उघडी, तीच आपण माल पुरायला देतो. आमच्या मते धोकादायक मालासाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

घोट: तिसरा प्रश्न विहिरीवर पाणी कोण पितो, याचा. उतार जिकडे, पाणी तिकडे. खाणीच्या खालच्या अंगाच्या विहिरी, बोअर, गावची पाणीयोजना, गुरांचा डोह, हे सगळे मोजले पाहिजे. मुळेच्या काठाने पाहिले तर एका गावची खालची बाजू ही पुढच्या गावची वरची बाजू असते.

पातळी श्रावणात मोजा

जागा मंजूर करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या मंडळींना आम्ही एक गोष्ट कळकळीने सांगू इच्छितो. त्या 2016 च्या नियमांत भरावाचे अंतर नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर असे दिले होते. शिवाय भूजलाची सर्वांत वरची पातळी अस्तराच्या तळाखाली किमान 2 मीटर असावी, असे म्हटले होते. यात महत्त्वाचा शब्द 'सर्वांत वरची' हा आहे.

आपल्याकडे पाऊस कसा, ते सांगायला नको. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या वर, हिंजवडीच्या अंगाला हजाराच्या आत-बाहेर. वैशाखात जी विहीर तळ दाखवते, तिच्यात श्रावणात वाकून कळशी बुडवता येते. मग साहेब मंडळी पाहणीला मे महिन्यात येतात, कारण रस्ता कोरडा असतो. पाणी चाळीस फुटांवर दिसते, कागदावर तसे लिहिले जाते. दोन महिन्यांनी तोच खड्डा खालून पाण्याने भरतो आणि पुरलेला माल भूजलात भिजत पडतो. तेव्हा आमचे म्हणणे असे, की कोणत्याही भरावाच्या जागेची पातळी श्रावण-भाद्रपदात मोजलेली असल्याशिवाय तो अहवाल ग्रामसभेने मान्य करू नये.

पाण्याच्या नमुन्याचे मात्र थोडे निराळे आहे. भर पावसात विहिरीला ताजे पाणी इतके येते, की विष पातळ होऊन लपते. उन्हाळ्यात पाणी आटले, की ते उघडे पडते. म्हणून नमुना दोन वेळा घ्यावा, एकदा पाऊस ओसरल्यावर आश्विनात आणि एकदा चैत्र-वैशाखात. एकाच निरोगी अहवालावर निर्धास्त होऊ नये.

काही शंका

गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा सभासदांनी रोखठोक प्रश्न विचारले. त्यांतले तीन इथे घेतो.

"खड्डा तसाच ठेवायचा का? गुरं पडतात, पोरं बुडतात." प्रश्न रास्त आहे. खड्ड्याला कुंपण घालावे. बुजवायचाच तर आपल्या डोळ्यांदेखत, दिवसाउजेडी, नुसत्या माती-मुरमाने बुजवावा. पण बुजवण्यापेक्षा तो पाण्यासाठी राखला तर काय हरकत आहे? स्वच्छ राहिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साठते, खालच्या विहिरींना पाझर लागतो. जी वाट विषाची, तीच वाट चांगल्या पाण्याचीही असते. काय सोडायचे, ते आपल्या हातात आहे.

"पाणी खारं झालं तर 265 लावू की." फुले 265 हा वाण क्षार बऱ्यापैकी सोसतो, हे खरे. उसाला जमिनीतली क्षारता 1.7 डेसीसायमनच्या वर गेली, की उतारा घटू लागतो आणि सोशीक वाणाने ती झळ थोडी कमी होते. पण वाण क्षार सोसेल, शिसे कोण सोसणार? ऊस उभा दिसला म्हणून घोट निर्धोक होत नाही. हिरव्यागार प्लॉटच्या विहिरीवर आपली नातवंडे पाणी पितात, हे विसरू नये.

"आम्ही नको म्हटलं तर शेजारचा घेईल." हा प्रश्न सर्वांत अवघड आणि याचे उत्तर एकट्या शेतकऱ्याकडे नाही. म्हणूनच सहकार आहे. एकट्याला भाव मिळत नव्हता म्हणून आपण कारखाना काढला. एकट्याला विहीर राखता येत नसेल तर तीही मिळूनच राखावी लागेल. शिवाय ज्याच्या जागेत माल सापडेल, त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की चौकशी सातबारा काढूनच सुरू होते. टिपरवाल्याचा नंबर रात्री कोणी लिहून घेतलेला नसतो. आपले नाव मात्र तलाठ्याच्या दप्तरी पक्के असते.

आधी आपल्या दारात

दुसऱ्याला सांगायचे आणि स्वतः कोरडे राहायचे, हे बरे नव्हे. साखर कारखाना हाही कारखानाच आहे. आपल्या गिरणीच्या यंत्रांचे जळके तेल आणि तेलकट चिंध्या निघतात. जळके तेल हा धोकादायक कचराच आहे. रसाचा पोल काढायला साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे लेड सबअॅसिटेट वापरत आल्या आहेत. त्यातले शिसे कुठेतरी जातेच. बॉयलरची राख आहे, सांडपाणी आहे. सांडपाण्याबाबत 2016 साली केंद्राने साखर कारखान्यांना टनामागे 200 लिटरची मर्यादा घालून दिली, ती पूर्वी 400 होती. जिथे आसवनी आहे तिथे स्पेंट वॉशच्या तलावांचा प्रश्न आहे आणि स्पेंट वॉश मुरला की विहिरीचा रंग कसा होतो, ते महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पाहिले आहे.

आम्ही कारखान्याचे नोकर आहोत, मालक आपण आहात. तेव्हा आपण विचारावे आणि आम्हाला उत्तर द्यावे लागावे, हीच रीत योग्य. आमच्या मते कारखान्याच्या आवारातल्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींच्या पाण्याचे अहवाल दर वर्षी याच पत्रिकेत छापावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. आपल्या आडात काय आहे हे दाखवल्यावरच दुसऱ्याच्या पोहऱ्यात डोकावण्याचा अधिकार येतो.

विहीर वही

आता आमची सूचना. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी ती विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी विनंती आहे. प्रत्येक गट ऑफिसात एक विहीर वही ठेवावी. खाणी, भराव आणि कारखाने यांच्या खालच्या अंगाच्या विहिरी आधी निवडाव्यात. श्रावणात आणि वैशाखात दोरी सोडून पातळी मोजावी. आश्विनात आणि वैशाखात पाण्याची विद्युतवाहकता, सामू आणि क्लोराइड तपासावे. विद्युतवाहकता मोजण्याचे लहान यंत्र गटाला एक पुरे, आणि ते चालवायला शिकणे चिटबॉयला एका सकाळचे काम.

हीच तपासणी का, तेही सांगतो. जड धातू मातीला चिकटत चिकटत सावकाश येतात. क्लोराइडसारखे क्षार कुठे चिकटत नाहीत, ते पाण्याबरोबर पुढे धावतात. म्हणजे क्षार ही आधी आलेली वर्दी समजावी. ज्या विहिरीचा आकडा वर्षानुवर्षे एका जागी होता आणि अचानक चढला, तिचे पाणी लगेच धातूंसाठी प्रयोगशाळेत पाठवावे आणि अहवाल येईपर्यंत पिणे थांबवावे. आकडा खताने किंवा सांडपाण्यानेही चढू शकतो, म्हणून आकडा चढला की लगेच कोणाच्या दारात भांडायला जाऊ नये. पण तपास सुरू करायला तेवढे पुरे. आणि मागची वही असेल तरच तो 'चढला' असे म्हणता येते.

नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, विहिरीचे नाव आणि तारीख लिहून ती त्याच दिवशी द्यावी. धातूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी, कारण तिच्यात आम्ल घालावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा पुण्यातच आहे. शंका पक्की झाली तर अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावा, ग्रामपंचायतीच्या ठरावासह आणि वहीच्या उताऱ्यासह. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठही पुण्यातच बसते. तिथे जायची वेळ येऊ नये. पण आलीच तर रडगाण्यापेक्षा आकड्यांची वही जास्त बोलेल.

आणि रात्रीचा टिपर दिसला तर? अंगावर जाऊ नये. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि जागा लिहून घ्यावी, पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला कळवावे. दिवसा कोणी जागा मागायला आला, तर चहा पाजावा आणि एकच प्रश्न विचारावा, "मालाचा कागद दाखवा." ज्याचा माल चोख, तो कागद काढील. बाकीचे चहा संपायच्या आत उठतील.

शेवटी त्या दोन चुलतभावांचे सांगतो. ज्यांनी खाण दिली होती, त्यांनी टिपर बंद केले आहेत. ज्यांची विहीर गेली, ते पिण्याचे पाणी गावच्या नळावरून आणतात. गेल्या महिन्यात आम्ही दोघांच्याही विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेतले आणि वहीच्या एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहिले. बोलणे अजून सुरू झालेले नाही. पण नमुना घेताना खाणवाल्या भावाने आपण होऊन दोरी धरली. आमच्या वहीची सुरुवात तिथून झाली आहे. पुढची पाने आपण सर्वांनी मिळून भरावयाची आहेत.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते